बजेट विमान कंपनी की फुल सर्व्हिस? तिकीट काढताना या चुका टाळा

बजेट कंपनीचं स्वस्त भाडं ही फसवणूक नसते. या कंपन्यांचा खर्चच मुळात कमी असतो. बहुतेकींच्या ताफ्यात एकाच जातीची विमानं असतात, म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण, देखभाल आणि सुटे भाग सगळं एकाच साच्यातलं. सीट दाटीने बसवलेल्या असतात; रायनएअरच्या बोइंग ७३७-८०० मध्ये त्या १८९ आहेत. उतरलेलं विमान २५ मिनिटांत रिकामं करून, पुन्हा भरून उडवायचं असं वेळापत्रक असतं.

पण ते भाडं एका ठरावीक प्रवाशासाठी असतं. त्याच्याकडे सीटखाली मावणारी एकच बॅग असते, मिळेल त्या सीटवर तो बसतो, चेक-इन घरूनच करतो आणि तारीख बदलत नाही. या वर्णनात तुम्ही चपखल बसत असाल तर बजेट कंपनीला तोड नाही. जिथे बसत नाही, तिथे प्रत्येक फरकाचे पैसे मोजावे लागतात. खालच्या बहुतेक चुका हे न ओळखल्यामुळेच होतात.

चूक : यादीतल्या भाड्यांची थेट तुलना

सर्चमध्ये दिसतं ते नुसत्या सीटचं भाडं. तुलना करायची ती पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरच्या रकमेची, आणि त्यात दोन्हीकडचा विमानतळापर्यंतचा खर्च मिळवून.

समजा, जाऊन-येऊन बजेटचं भाडं १०० आहे आणि फुल सर्व्हिसचं (म्हणजे बॅग, जेवण वगैरे परंपरेने भाड्यातच धरणाऱ्या कंपनीचं), एका चेक-इन बॅगेसह, १८०. बजेटमध्ये बॅगेचे एका बाजूचे ३०, म्हणजे ६०. सीट निवडण्याचे ८ आणि ८. विमानतळ लांब असल्यामुळे बसचे जादा १५ आणि १५. बेरीज २०६. स्वस्त तिकीट महाग पडलं.

आता याच प्रवासातून बॅग आणि सीट काढून टाका. बजेटचे १३० होतात, तेव्हा ती ५० ने स्वस्त. दोघे जण मिळून एकच बॅग नेत असतील आणि सीट कुठलीही चालत असेल, तर बजेटचे ३२० आणि फुल सर्व्हिसचे ३६०. दोघांनी स्वतंत्र बॅगा आणि निवडलेल्या सीट घेतल्या की बजेट ४१२ वर जातं. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण निकाल फिरवणारी गोष्ट जवळपास नेहमी बॅगच असते. म्हणून आधी बॅगा किती ते ठरवा, मग तिकीट शोधा.

बॅगेचे पैसे दर बाजूला आणि दर विमानाला वेगळे लागतात. वेगळ्या तिकिटांवर दोन बजेट विमानं जोडलीत, तर एकाच दिशेच्या प्रवासात बॅगेचे पैसे दोनदा भरावे लागतील. दरही चढत जातात: तिकिटासोबत घेतली तर सहसा सर्वांत कमी, नंतर ॲपवरून जोडली तर थोडे जास्त, काउंटरवर आणखी जास्त, गेटवर सर्वांत जास्त. ‘बघू तिथे गेल्यावर’ हा इथला सर्वांत महागडा निर्णय.

चूक : फुल सर्व्हिस म्हणजे सगळं आलंच, असं धरून चालणं

हे आता बऱ्याच ठिकाणी खरं राहिलेलं नाही. लुफ्थान्साच्या ‘लाइट’ प्रकारच्या भाड्यात चेक-इन बॅग नसते. युनायटेडच्या ‘बेसिक इकॉनॉमी’त अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात मोठी केबिन बॅगही नेता येत नाही, फक्त सीटखालची. ब्रिटिश एअरवेजने २०१७ मध्ये जवळच्या मार्गांवर इकॉनॉमीतलं मोफत खाणं बंद करून विकत द्यायला सुरुवात केली होती. उलट बाजूने, बॅगा मोफत नेण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या साउथवेस्टनेही २८ मे २०२५ पासूनच्या बहुतेक बुकिंगवर बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

त्यामुळे कंपनीचं नाव बघून अंदाज बांधू नका. भाड्याच्या प्रकाराचं नाव बघा आणि त्याखालच्या चार ओळी वाचा: केबिन बॅग, चेक-इन बॅग, तारीख बदलण्याचे पैसे, रद्द केल्यास परतावा. फुल सर्व्हिसचं सर्वांत खालचं भाडं घेऊन वर बॅगेचे पैसे भरण्यापेक्षा त्याच्या वरचं भाडं पुष्कळदा स्वस्त पडतं.

लेगरूमचंही असंच. एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. इकॉनॉमीत तो साधारण २८ ते ३२ इंच असतो. दोन तासांच्या प्रवासात बजेट आणि फुल सर्व्हिस यांच्यातला फरक एखाद्या इंचाचा असतो, कधी तोही नसतो. त्यासाठी जास्त भाडं देण्यात अर्थ नाही. सात-आठ तासांच्या प्रवासाचा हिशेब मात्र वेगळा. तिथे जेवण, पांघरूण, स्क्रीन आणि मागे झुकणारी सीट यांची किंमत धरायला हवी, कारण बजेटमध्ये यांतल्या बऱ्याच गोष्टी सुट्या विकत घ्याव्या लागतात.

चूक : बॅग नजरेच्या अंदाजाने नेणं

कंपन्यांचे नियम सारखे नसतात. रायनएअरमध्ये मोफत बॅग ४० × ३० × २० सेंमी, ईझीजेटमध्ये ४५ × ३६ × २०. एअरएशियात दोन नग चालतात, पण दोन्हींचं मिळून वजन ७ किलो. म्हणजे कुठे माप आडवं येतं, कुठे वजन. एका कंपनीत चाललेली बॅग दुसरीत चालेलच असं नाही, आणि जाता-येताना कंपन्या वेगळ्या असतील तर दोन्हींपैकी कडक नियम पाळायचा.

माप घेताना चाकं, मूठ आणि बाहेरचे फुगलेले खिसे धरा. दुकानातल्या चिठ्ठीवर ते धरलेले नसू शकतात. बॅग रिकामी असताना नव्हे, भरल्यावर मोजा. मापाच्या काठावर असाल तर कडक कवचाच्या बॅगेपेक्षा मऊ कापडी बॅग बरी, ती गेटवरच्या बॅग मोजण्याच्या साच्यात दाबून बसवता येते.

गेटवर बॅग अडलीच, तर वाद घालण्याआधी जाड जॅकेट अंगात चढवा, जड वस्तू खिशांत घाला आणि बॅग पुन्हा साच्यात घालून बघा. तरीही बसली नाही आणि कार्गोत टाकायची वेळ आली, तर पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या आधी बाहेर काढा. त्या कार्गोत टाकायला परवानगी नाही. केबिनमध्ये १०० वॉट-अवरपर्यंतची (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) पॉवर बँक चालते, १०० ते १६० ला कंपनीची संमती लागते. वीस हजार एमएएचची साधी पॉवर बँक ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे मर्यादेत. औषधं, पासपोर्ट आणि किल्ल्याही त्याच वेळी काढून घ्या. या गडबडीत विसरल्या जातात त्या नेमक्या याच गोष्टी.

चूक : विमानतळाचं नाव न वाचणं

तिकिटावर शहराचं नाव असतं, विमानतळ मात्र भलतीकडे. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून साधारण ८५, आणि ऑस्लोच्या नावाने विकला जाणारा टॉर्प ऑस्लोपासून ११० च्या आसपास. बजेट कंपन्या तिथे जातात कारण शुल्क कमी आणि गर्दी कमी.

तिकीट काढण्याआधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड नकाशावर टाका. उतरण्याच्या वेळेला शहराकडे जाणारी बस किंवा गाडी आहे का ते बघा. रात्री ११ नंतर पोचणाऱ्या विमानात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात, आणि पहाटे ६ च्या विमानासाठी आदल्या रात्री हॉटेल घ्यावं लागलं तर तुलनाच संपली.

सर्वांत महाग पडणारी चूक : कनेक्टिंग प्रवास स्वतः जोडणं

दोन वेगळी स्वस्त तिकिटं घेतली की एका जोडतिकिटापेक्षा बरेच पैसे वाचताना दिसतात. पण वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट गेलं. त्याच प्रवासाचं एकच तिकीट असतं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असती.

बॅगही आपोआप पुढे जात नाही. मधल्या विमानतळावर इमिग्रेशन पार करायचं, पट्ट्यावरून बॅग घ्यायची, कस्टममधून बाहेर पडायचं, पुन्हा काउंटरवर बॅग द्यायची, पुन्हा सुरक्षा तपासणी. त्यात बॅग घेण्याचा काउंटर विमान सुटण्याच्या ४० ते ६० मिनिटं आधी बंद होतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात दोन वेगळ्या तिकिटांमध्ये चार तासांहून कमी वेळ ठेवू नका. टर्मिनल किंवा विमानतळ बदलत असेल तर रात्रीचा मुक्काम धरा.

याहून मोठा घोळ व्हिसाचा. बॅग घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात प्रवेश करायचा. तुमच्या पासपोर्टवर तिथे व्हिसा लागत असेल आणि तो नसेल, तर पहिल्याच विमानतळावर तुम्हाला चढू दिलं जाणार नाही, आणि दोन्ही तिकिटांचे पैसे बुडू शकतात. वेबसाइटवर ‘सेल्फ-ट्रान्सफर’ असे शब्द दिसले, तर आधी हा प्रश्न सोडवा, भाडं नंतर बघा.

चूक : बिघडलेल्या दिवसाची किंमत न धरणं

सगळं वेळेवर असतं तेव्हा दोन्ही कंपन्या सारख्याच. खरा फरक विमान रद्द झाल्यावर कळतो. एखाद्या बजेट कंपनीची त्या मार्गावर आठवड्यातून तीनच विमानं असतील, तर ‘पुढचं विमान’ म्हणजे परवा. फुल सर्व्हिस कंपनीला दिवसात दोन-चार पर्याय असतात, शिवाय भागीदार असतात; स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम या गटांतल्या कंपन्या एकमेकींचे प्रवासी घेतात. म्हणून लग्न, परीक्षा, मुलाखत किंवा क्रूझ गाठायची असेल तर मार्गावर रोज किती विमानं आहेत हे आधी बघा. बजेटच घ्यायचं असेल तर एक दिवस आधी पोचा आणि सकाळचं पहिलं विमान धरा. एकच विमान दिवसभर चार-सहा फेऱ्या करतं, जमिनीवर वेळ जेमतेम, त्यामुळे सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा: स्वस्त तिकिटाला हक्क कमी नसतात. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार, पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई मिळते, तिकीट २० युरोचं असलं तरी. युरोपीय संघातून निघणारी सगळी विमानं आणि युरोपीय कंपन्यांची तिकडे येणारी विमानं यात येतात. खराब हवामानासारख्या कारणाने उशीर झाला तर भरपाई नाही, पण जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल द्यावंच लागतं.

लहान दिसणाऱ्या, पण पैसे खाणाऱ्या चुका

ऑनलाइन चेक-इन विसरणं ही त्यातली पहिली. रायनएअरमध्ये ते न करता विमानतळावर गेलात तर माणशी ५५ युरोपर्यंत पडतात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तिथे छापील बोर्डिंग पासही चालत नाही. फोन चार्ज ठेवा. युरोपबाहेरचा पासपोर्ट असेल तर काही कंपन्या ऑनलाइन चेक-इननंतरही काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यायला लावतात. सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागण्याआधी ते उरका.

नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्त करा, बऱ्याच कंपन्या सुरुवातीच्या काही तासांत किरकोळ दुरुस्ती फुकट करून देतात. तिकीट एजंट साइटवरून घेतलं असेल, तर बुकिंगमध्ये ई-मेल तुमचाच आहे ना ते तपासा, नाहीतर विमानाची वेळ बदलल्याचा निरोप तुमच्यापर्यंत येणारच नाही. पैसे भरताना वेबसाइट तुमच्या चलनात रक्कम दाखवून भरायला सुचवते, तेव्हा दर बघा. मूळ चलनात भरणं सहसा स्वस्त पडतं.

बजेटमध्ये जाण्याचं आणि येण्याचं तिकीट सहसा वेगवेगळं धरलं जातं, त्यामुळे एका बाजूला बजेट आणि दुसऱ्या बाजूला फुल सर्व्हिस असं खुशाल जोडता येतं. फुल सर्व्हिसच्या रिटर्न तिकिटावर मात्र जाण्याचं विमान सोडलंत, तर परतीचंही बहुधा रद्द होतं.

गडबड झालीच तर

विमान रद्द झाल्याचं कळलं की रांगेत उभं राहा, आणि रांगेत असतानाच ॲपवरून दुसरं विमान शोधा. ॲप परताव्याचं बटण आधी पुढे करतं. ते दाबलंत तर दुसऱ्या विमानात बसवून घेण्याचा हक्क संपतो, म्हणून प्रवास करायचाच असेल तर घाई नको. रद्द झाल्याच्या निरोपाचा स्क्रीनशॉट आणि जेवण-हॉटेलची बिलं ठेवा.

बॅग आली नाही किंवा मोडून आली, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी पट्ट्याजवळच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, बजेट आणि फुल सर्व्हिस दोन्हींना सारखीच. दागिने आणि लॅपटॉप कार्गोत टाकले असतील तर ही मर्यादा लवकर गाठली जाते.

कंपनीच बंद पडली तर? मोनार्क २०१७ मध्ये, वॉव एअर आणि जेट एअरवेज २०१९ मध्ये थांबल्या, आणि यांतली जेट फुल सर्व्हिस होती. अशा वेळी क्रेडिट कार्डाने भरलेल्या पैशांसाठी बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, त्यामुळे बातमी आली की तिकिटाची प्रत आणि पैसे भरल्याचा पुरावा घेऊन त्याच आठवड्यात अर्ज करा.