पोरांसोबत चेटकिणींचं ग्राफिक नॉव्हेल काढताय? टोपी शेवटी काढा

सुट्टीत आमच्या अकरा वर्षांच्या भाचीने जाहीर केलं की ती छोट्या चेटकिणींचं ग्राफिक नॉव्हेल (म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली पुस्तकभर गोष्ट) काढणारे, आणि दोन दिवसांत सहा टोप्या, चार झाडू अन् झकास कव्हर तयार, गोष्टीचा पत्ता नाही. मग सगळं बाजूला ठेवून परत सुरू केलं, ते कसं ते सांगते.

आधी, चेटकीणच म्हणा, डाकीण नको. चेटकीण म्हटलं की पोरांना ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातली चिंची आठवते आणि हसू येतं. डाकीण ठरवून बायकांचा छळ मात्र आपल्याकडे सातपुड्यात खरोखर झालाय, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्याला करणी करणारा ठरवून त्रास देणं गुन्हा आहे.

आता जादू. चेटकिणीला काय येतं हे विचारू नका, काय जमत नाही ते विचारा, गोष्ट तिथूनच निघते. आमचा नियम ठरला की केरसुणी उडते पण आधी अख्खं घर झाडल्याशिवाय नाही. हे ऐकून आई म्हणाली, अगं लक्ष्मी ना ती, तिच्यावर बसायचं? भाची गप्प झाली आणि मग तिनेच काढलं की केरसुणीला पाय लावणाऱ्या मुलीला ती मधेच खाली टाकते, सॉरी म्हटल्याशिवाय परत उचलत नाही. झाली की गोष्ट! मैत्रिणींचं भांडण पण त्यातच बसलं, या वयाच्या पोरांना राक्षसापेक्षा ग्रुपमधून बाहेर काढल्याची भीती जास्त असते.

इंग्लिशमधली पुस्तकं सहज दोनशे पानांची असतात, तुम्ही सोळावर थांबा. चार ए-फोर कागद मधे दुमडले की सोळा पानं. एका कागदावर सोळा चिमुकले चौकोन आखून नुसत्या काड्यामाणसांनी पूर्ण गोष्ट आधी काढा, पानाला चार-पाच चौकटी पुरे. धक्का द्यायचा प्रसंग सम नंबरच्या पानावर ठेवा, कारण तो पान उलटल्यावरच दिसतो. समोरच्या विषम पानावर ठेवला तर पोरं आधीच बघतात.

सगळ्यात जास्त घोळ अक्षरांचा होतो. चित्र आधी काढलं की फुग्याला जागाच उरत नाही, म्हणून पेन्सिलने आधी संवाद, मग त्याभोवती फुगा, मग चित्र. जो आधी बोलतो त्याचा फुगा वर डावीकडे. इंग्लिशसारख्या चिकटून ओळी लिहू नका हां, आपल्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, मग ओरडणं दाखवायला अक्षर मोठं, शिरोरेषा जाड आणि ‘थांऽऽब!’ असा अवग्रह. आवाज तर आपल्याकडे एकसे एक आहेत, धप्प, सर्रकन, फुस्स, खळ्ळ.

शाई वॉटरप्रूफच घ्या, जेल पेनावर वॉटरकलर मारला की चेटकिणीचं तोंड काळं, अनुभव आहे.

झेरॉक्सला द्यायच्या आधी कोऱ्या कागदांची वही दुमडून पानांवर नंबर टाका आणि उघडून बघा, सगळ्यात बाहेरच्या कागदावर १६ आणि १ शेजारी येतात, मागे २ आणि १५. हे न बघता आम्ही वीस कॉपी काढल्या आणि केरसुणी उडायच्या आधीच पडली.