एला फिट्झजेराल्डची ‘साँग बुक’ कशी ऐकावीत

जुनी अमेरिकन गाणी ऐकायला सुरुवात करणाऱ्याला सल्ले दोनच मिळतात. एक, ‘दिवे मंद करा आणि नुसतं ऐकत राहा.’ दुसरा, ‘एलाचं स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांतलं गाणं, ऐका, बाकीचं सोडा.’ पहिला पाळला की तिसऱ्या गाण्याला डुलकी लागते. दुसरा पाळला की गळ्याच्या चपळाईला दाद देऊन माणूस मोकळा होतो आणि गाणं बाजूलाच राहतं.

१९५६ ते १९६४ या काळात जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डने नॉर्मन ग्रँझने काढलेल्या व्हर्व्ह या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी ‘साँग बुक’ नावाचे आठ संच गायले, प्रत्येक संच एकेका रचनाकाराच्या किंवा जोडीच्या गाण्यांचा: कोल पोर्टर, रॉजर्स आणि हार्ट, ड्यूक एलिंग्टन, अर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन बंधू, हॅरल्ड आर्लेन, जेरोम कर्न आणि जॉनी मर्सर. यातली बरीचशी गाणी ब्रॉडवेच्या नाटकांतली किंवा चित्रपटांतली. ती एला बहुतांशी सरळ गाते. चालीत फेरफार करते तेही अगदी थोडे, एखाद्या ओळीच्या टोकाला. त्यामुळे मूळ चाल कानात नसेल, तर तिने काय केलं हे कळायला वावच उरत नाही. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे.

संच निवडणं

गर्श्विन संचापासून सुरुवात करा. १९५९ सालचा हा संच पाच तबकड्यांचा आहे, गाणी ५३ आणि अरेंजर (कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते लिहिणारा) नेल्सन रिडल. सगळा एका बैठकीत ऐकायचा नाही, एका वेळी तीन-चार गाणी पुष्कळ झाली. ‘बेस्ट ऑफ एला’ छापाच्या याद्या टाळा. त्यांत १९४७ आणि १९५९ ची ध्वनिमुद्रणं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात आणि साल मात्र पुनर्मुद्रणाचं छापलेलं असतं. अरेंजरचं नाव दिसत नसेल तर ती यादी सोडून द्या. आणखी एक: १९५६ चा कोल पोर्टर संच मोनो आहे. दोन्ही कानांत तंतोतंत सारखंच ऐकू आलं म्हणून हेडफोन बदलायला धावू नका.

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नये. त्यात डबल बेस, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, जवळजवळ नाहीसा होतो, आणि पुढची सगळी मोजणी बेसवर उभी आहे.

शब्द

गाण्याचे शब्द छापून समोर घ्या आणि चालीशिवाय एकदा मोठ्याने वाचा. बहुतेक गाण्यांना सुरुवातीला व्हर्स असतो. नाटकातल्या संवादातून गाण्यात शिरण्यासाठी लिहिलेला हा तुकडा पुष्कळ गायक गाळतात. एला पुष्कळदा तो गाते. ‘मूळ गाणं लवकर सुरू होत नाही’ म्हणून तो पुढे ढकलणाऱ्यांनी नाटकाचा पहिला प्रवेश चुकवलेला असतो.

शब्द आणि सूर एकमेकांना कसे धरून असतात हे ऐकायला पोर्टरचं १९४४ चं ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ घ्या. गीतात मेजरकडून मायनरकडे होणाऱ्या बदलाचा उल्लेख येतो आणि नेमक्या तिथेच साथीची कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर) मेजरची मायनर होते. आपल्या भाषेत, त्या कॉर्डचा मूळ स्वर षड्ज धरला तर शुद्ध गंधार कोमल होतो. एला तिथे हुंदका देत नाही, आवाज कापवत नाही. तिच्या गाण्यात दुःख नाही असा आक्षेप जुना आहे आणि मला तो पटत नाही. कॉर्डने काम केलेलं असताना गायिकेने वर रडून दाखवायची गरज नसते.

बत्तीस बार मोजणं

इथे नवखे अडकतात आणि बरेचसे इथूनच परत फिरतात. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

या गाण्यांच्या मुख्य भागाला कोरस म्हणतात. त्याचं सगळ्यात नेहमीचं माप ३२ बार, एका बारात ४ मात्रा. आठ-आठ बारांचे चार तुकडे, रचना अ-अ-ब-अ. म्हणजे एक चाल दोनदा, मग वेगळी चाल, मग पहिली पुन्हा. मधल्या ‘ब’ तुकड्याला ब्रिज म्हणतात. तालाचं शिक्षण झालेल्यांसाठी हिशेब सोपा आहे: आठ बार म्हणजे ३२ मात्रा, त्रितालाची दोन आवर्तनं. पण हे साम्य मात्रांच्या संख्येपुरतंच. खाली-भरीची कल्पना सोबत आणलीत तर घोटाळा होईल, कारण इथे जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. टाळी द्यायचीच तर २ आणि ४ वर द्या. पहिल्या मात्रेवर टाळी पडायला लागली की सगळं गाणं कवायतीसारखं ऐकू येतं.

सरावाला ‘ओ, लेडी बी गुड’ घ्या, १९५९ चं, संथ लयीतलं. १९२४ च्या नाटकातलं हे गाणं अ-अ-ब-अ साच्यातलं आहे. सुरुवातीचा मोकळा भाग मोजू नका. कोरस लागला की बारांचा आकडा पहिल्या मात्रेवर म्हणत चला: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं आठपर्यंत, मग पुन्हा एकपासून. प्रत्येक आठानंतर एक बोट दुमडा.

मोजणी चुकते ती ठरलेल्या तीन ठिकाणी. पहिलं कारण म्हणजे आवाजावरून मोजणं. ख्याल ऐकणाऱ्यांना गायक समेवर येणार याची खात्री असते. इथे ओळ पहिल्या मात्रेच्या आधी सुरू होते किंवा मात्रा निघून गेल्यावर. मोजायचं ते बेसवरून. संथ गाण्यात बेस बहुधा १ आणि ३ वर पडतो, जलद गाण्यात चारही मात्रांवर चालतो. दुसरं ठिकाण सातवा आणि आठवा बार. ओळ संपलेली असते, आवाज थांबलेला असतो, वाद्यं काहीतरी भरत असतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की तुकडा संपला. तो संपलेला नसतो, ते दोन बार मोजायचेच. तिसरं, ३२ पूर्ण झाल्यावर गाणं पुन्हा ‘अ’पासूनच सुरू होईल असं धरून चालणं. संथ गाण्यांत वेळ वाचवायला दुसरी फेरी पुष्कळदा थेट ब्रिजपासून धरतात.

हुकलात तर अंदाजाने आकडा जुळवू नका. ब्रिजची वाट बघा. चाल बदलते, कॉर्ड दुसरीकडे जातात, ते ठिकाण लपत नाही. तिथून १७ वा बार धरा. गाण्याचा वेग पाऊणपट करून मोजण्याची सोय हल्ली पुष्कळ ठिकाणी असते. पहिल्या दोन-तीन वेळा ती वापरा, मग बंद करा, नाहीतर खऱ्या लयीत पाय अडखळतो.

सगळीच गाणी या मापाची नसतात. ‘बट नॉट फॉर मी’ ३२ बारांचंच, पण अ-ब-अ-क. ‘नाइट अँड डे’ ४८ बारांचं. ‘बिगिन द बिगीन’ तर १०८ बारांचं. ते पहिल्या महिन्यात मोजायला घेणं म्हणजे हौसेने डोकं फोडून घेणं. (अशा धाटणीची गाणी एकेकाळी मुंबईच्या ताजमध्ये चिक चॉकलेटसारखे गोवेकर वादक वाजवत. तेच वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतही बसत, त्यामुळे आपल्या कानाला हा साचा वाटतो तितका परका नाही.)

लयीच्या मागेपुढे

आता ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ घ्या. एलाची याची दोन ध्वनिमुद्रणं ऐकायची आहेत: १९५० चं, फक्त एलिस लार्किन्सच्या पियानोसोबत, आणि १९५९ चं, रिडलच्या वाद्यवृंदासोबत. चाल आधी वर चढते आणि मग पायरी-पायरीने उतरते. आधी तिचा पहिला ‘अ’ तुकडा स्वतः गुणगुणा, प्रत्येक अक्षर मात्रेवर, अगदी शाळकरी पद्धतीने. बेसूर झालात तरी चालेल.

मग शब्दांच्या कागदावर पेन्सिलने खुणा करा. शब्द मात्रेच्या आधी आला तर डावीकडे बाण, मागून आला तर उजवीकडे, स्वरच बदलला तर गोल. एका वेळी एकच तुकडा, आठ बार. पूर्ण गाण्यावर खुणा करत सुटलात तर कागद भरेल आणि कान रिकामा राहील. तीनही ‘अ’ तुकड्यांचे कागद शेजारी ठेवले की दिसेल: पहिला बहुधा लिहिल्याबरहुकूम, गोल आणि बाण शेवटच्या ‘अ’कडे वाढत जातात. व्यंजन कुठे पडलं याकडे लक्ष देऊ नका, शब्दातला अ, आ, ई असा स्वर कुठे उघडला ते बघा. एलाचे उच्चार इतके स्वच्छ आहेत की व्यंजनावरून फसायला होतं.

एकट्या पियानोसोबतची खुणांची पानं आणि वाद्यवृंदासोबतची पानं वेगळी निघतील. मला १९५० चं जास्त आवडतं. १९५९ मध्ये तंतुवाद्यांची गादी इतकी मऊ आहे की आवाजाला टेकायला फार जागा मिळते.

वाद्यवृंद

फक्त सातव्या-आठव्या बारातलं ऐका. अरेंजरची हुशारी तिथे कळते.

स्कॅट

हे सगळ्यात शेवटी. ‘लेडी बी गुड’चंच १९४७ चं जलद ध्वनिमुद्रण लावा. शब्द संपून निरर्थक अक्षरं सुरू झाली तरी बोटं दुमडत राहा. खाली तेच ३२ बार फिरत असतात. ब्रिज आला की तिच्या तानांचा रोख बदलतो, आणि तो बदल ऐकू आला की स्कॅट ही आवाजाची गंमत वाटेनाशी होते.

त्यानंतर १३ फेब्रुवारी १९६० ची बर्लिनच्या डॉइचलांडहालेतली मैफल. ‘मॅक द नाइफ’मध्ये ती मधेच शब्द विसरते आणि जागच्या जागी नवे जुळवत जाते, लुई आर्मस्ट्राँगची नक्कलही करून घेते. लोक या किश्श्यासाठी हे ध्वनिमुद्रण एकमेकांना पाठवतात. तुम्ही मोजत ऐका: शब्द सुटलेत तिथेही एक बार इकडचा तिकडे होत नाही. त्याच तबकडीवर ‘हाउ हाय द मून’ आहे, अ-ब-अ-क, ३२ बार. सुरुवातीच्या फेऱ्या आकड्यांत म्हणा, पुढच्या नुसत्या बोटांवर.