पक्कं मत तपासून पाहण्याची रीत

एक वही, पेन आणि पाऊण तास एवढंच साहित्य लागतं. एका बैठकीला एकच मत घ्यायचं. पहिल्या काही वेळा धर्म, राजकारण, घरातली नाती यांना हात लावू नका. ज्या मतासाठी तुम्ही वाद घालता, पण जे सोडावं लागलं तर 'मग मी कोण?' असा प्रश्न पडणार नाही, असं मधल्या वजनाचं मत निवडा. उदाहरण म्हणून 'पहाटे केलेला अभ्यास जास्त लक्षात राहतो' हे घेऊ.

आधी मत एका वाक्यात लिहा. त्याखाली त्याच्या मर्यादा लिहा: कोणासाठी, केव्हा, कशाच्या तुलनेत. 'पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं' हे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला खरं आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी सुमारे 70 अंशांनाच उकळतं. एकच सत्य, पण मर्यादा न लिहिल्यामुळे दोघे भांडू शकतात. जैन तर्कशास्त्रातलं 'स्यात्' हे पद हेच काम करतं. त्याचा अर्थ 'कदाचित' असा लावणं ही चूक आहे. 'अमुक एका दृष्टीने पाहता' असा तो अर्थ आहे. मर्यादा घातल्याने विधान कच्चं होत नाही, तपासता येण्याजोगं होतं. आपल्या उदाहरणात: 'नवे शब्द पाठ करायचे असतील तर मला रात्रीपेक्षा पहाटे पाठ केलेले शब्द दुसऱ्या दिवशी जास्त आठवतात.'

आता आकडा. या वाक्यावर तुमचा किती टक्के भरवसा आहे ते 1 ते 99 मध्ये लिहा. 0 आणि 100 वर्ज्य, निव्वळ तर्काने सिद्ध होणाऱ्या गोष्टी सोडून. संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनी याला क्रॉमवेलचा नियम म्हटलं, कारण इंग्रज सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेलने 1650 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चच्या सभेला पत्रातून विनवलं होतं की तुमचं चुकत असेल, हे निदान शक्य माना. नियमामागे साधं गणित आहे. भरवसा 70 टक्के म्हणजे 7 ला 3: मत खरं असण्याचे 7 भाग, चुकीचं असण्याचे 3. मत चुकीचं असण्यापेक्षा खरं असेल तर दिसण्याची शक्यता दुप्पट आहे असा पुरावा मिळाला, की 7 चे 14 होतात. 14 ला 3 म्हणजे साधारण 82 टक्के. उलटा पुरावा आला तर तसंच खाली यायचं. पण सुरुवात 100 ने केली तर दुसऱ्या बाजूला शून्य उरतं, आणि शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच. बंद मनाची याहून नेमकी व्याख्या आम्हाला माहीत नाही: ज्या मताचा आकडा कोणत्याही पुराव्याने हलत नाही, ते मत.

म्हणून पुरावा हाती आला की 'हा माझ्या बाजूचा आहे का?' असं विचारू नका. 'माझं मत चुकीचं असतं तरीही हे दिसलं असतं का?' असं विचारा. पहाटे वाचलेलं आज आठवलं, हा पुरावा जवळजवळ निरुपयोगी आहे. रात्री वाचलेलंही आठवलंच असतं.

यापुढची पायरी सर्वात महत्त्वाची, आणि हीच सर्वाधिक टाळली जाते. काय दिसलं तर आकडा किती खाली आणाल, ते आधीच लिहून ठेवा. 'चार आठवडे रोज 20 नवे शब्द. पहाट की रात्र, हे रोज नाणं उडवून ठरवायचं. पाठ केल्यापासून 24 तासांनी किती आठवतात ते मोजायचं. सरासरीत 2 शब्दांपेक्षा कमी फरक पडला तर आकडा 70 वरून 40.' नाणं हवंच. वेळ स्वतः निवडली तर ताजंतवानं वाटेल त्या दिवशी पहाट निवडली जाते आणि श्रेय पहाटेला मिळतं. अट आधी लिहिली नाही तर निकालानंतर 'या आठवड्यात झोप नीट नव्हती' अशी सबब हमखास सापडते.

मन आपल्या बाजूचेच दाखले कसे गोळा करतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांच्या 1960 सालच्या प्रयोगात स्पष्ट दिसतं. 2, 4, 6 हे आकडे ज्या नियमात बसतात तो नियम ओळखायचा होता. त्यासाठी नवे आकडे सांगून ते नियमात बसतात की नाही, हे विचारता येत होतं. नियम होता फक्त 'चढते आकडे'. बहुतेकांनी 8, 10, 12 असे आपल्या अंदाजाला जुळणारेच आकडे विचारले, प्रत्येक वेळी 'बसतात' ऐकलं आणि आत्मविश्वासाने चुकीचा नियम सांगितला. 1, 2, 3 विचारलं असतं तरी 'दोनदोनने वाढणारे' हा अंदाज तिथेच पडला असता.

यानंतर पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचं म्हणणं, लिहा, निदान 10 ओळी. कसोटी अशी की विरुद्ध मताचा माणूस ते वाचून म्हणेल, 'हो, मला हेच म्हणायचं आहे.' शक्य असेल तर त्याला खरोखर वाचायला द्या. चर्चेला बसण्यापूर्वी न्यायदर्शनातला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातला, भेद आठवा: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. जल्प सुरू झाला हे जाणवलं की थांबा. तिथे कोणाचाच आकडा हलत नाही.

एवढं करूनही मत हलत नसेल तर वेगळा प्रश्न लिहा: 'हे चुकीचं ठरलं तर माझं काय जाईल?' व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी मे 1847 मध्ये डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणाने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर असलेला बाळंतिणींचा मृत्युदर जूनमध्ये सुमारे 2 टक्क्यांवर आला. तरीही अनेक डॉक्टरांनी ते मानलं नाही. हातांवरून रोग कसा पोचतो याचा सर्वमान्य सिद्धांत तेव्हा नव्हता, हे एक कारण. दुसरं जास्त बोचरं: मान्य करणं म्हणजे आपल्याच हातांनी त्या बाळंतिणी गेल्या, हे मान्य करणं. किंमत कागदावर उतरली की निदान पुरावा आणि भीती वेगवेगळ्या दिसतात.

आता उलट टोकाची चूक. 'ज्याचं त्याचं सत्य वेगळं' म्हणणं हा मोकळेपणा नव्हे. ते वाक्य सगळ्यांना लागू आहे असा त्याचाच दावा असल्याने ते स्वतःलाच खोडतं. सत्य एकच असू शकतं. आपल्याला ते पूर्ण कळलं आहे का, हा निराळा प्रश्न. पृथ्वी गोल आहे यावर 99 च्या अगदी जवळ राहणं हट्ट नाही, कारण तो आकडा पुराव्याने तिथे पोचला आहे. प्रत्येक नव्या दाव्याला 50 देणं हा मात्र आळस आहे.

'काय असावं' अशा मतांना ही आकडेमोड लागू पडत नाही. त्यांतला 'काय आहे' हा भाग वेगळा काढून तेवढाच तपासा. शिक्षा कडक असावी की नाही हे मूल्याचं. कडक शिक्षेने गुन्हे घटतात का, हे तपासण्याचं.

सगळ्या नोंदी तारखेसह एकाच वहीत ठेवा आणि दर 90 दिवसांनी उघडा. 80 टक्के दिलेल्या दहा विधानांपैकी आठेक खरी ठरायला हवीत. पाचच ठरली तर तुमचे 80 फुगलेले आहेत. पुढच्या खेपेला तसा भरवसा वाटेल तिथे 65 लिहून पाहा. दहाच्या दहा खरी ठरत असतील तर तुम्ही सोपी विधानं निवडताय किंवा आकडे घाबरत लिहिताय. वीसेक नोंदी होईपर्यंत निष्कर्ष काढू नका.