काठमांडू बघायचं ते घड्याळ बघून

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काठमांडूच्या शेजारी, पाटणला राहतो. माझं माहेर नाशिक, सासर सातारा. त्यामुळे दसरा झाला की दोन्हीकडचे पाहुणे सुरू होतात. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तीच यादी असते: पशुपतीनाथ, बौद्धनाथ, स्वयंभू, दरबार चौक, मग खरेदी. सगळं एका दिवसात, एका टॅक्सीत. टॅक्सीवाला सांगतो तो क्रम त्याच्या पेट्रोलच्या सोयीचा असतो. इथे कुठल्या जागी कधी जायचं, हे त्या जागी गावातली माणसं कधी असतात त्यावर ठरवायचं. भरदुपारी स्तूपाभोवती फक्त पर्यटक आणि कबुतरं सापडतात.

आधी कागदपत्रांचं उरकून घेऊ. व्हिसा लागत नाही, पण विमानाने येताना पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. त्यांच्यावर नुसत्या आधार कार्डावर विमानतळावरूनच परत जायची वेळ येते. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आपल्या शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, हा दर ठरलेला आहे. शंभराच्या भारतीय नोटा दुकानदार सहज घेतात, म्हणून त्या भरपूर आणा. भाव विचारला की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. हा प्रश्न विचारला नाही तर पश्मिना दीडपटीने महाग पडते. तिकिटाच्या खिडकीवर ‘इंडियन’ म्हणून सांगा, ओळखपत्र हातात ठेवा. सार्क देशांचा दर युरोप-अमेरिकेच्या पाहुण्यांपेक्षा बराच कमी असतो. फिरायला पठाओ किंवा इनड्राइव्ह या ॲपवरून गाडी बोलवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. चैत्र-वैशाखात डोंगरातल्या वणव्यांचा धूर खोऱ्यात साठतो आणि हिमशिखरं दिसायची आशा सोडावी लागते. शहर साधारण चौदाशे मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास होत नाही. धाप लागते ती पायऱ्यांनी.

या पायऱ्या टेकडीवरच्या स्वयंभू स्तूपाच्या. तिथे पहाटे जायचं, साडेपाच-सहाला, आणि गाडीवाल्याला आधीच बजावायचं की पूर्वेच्या बाजूला सोड. सांगितलं नाही तर तो मागच्या गाडीतळावर नेतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ती सोय चांगलीच आहे, पण ज्यांना जमेल त्यांनी समोरूनच चढावं. पायऱ्या ३६५ आहेत असं सांगतात. सुरुवातीला बसलेल्या बुद्धांच्या मोठाल्या मूर्ती लागतात, झाडी असते, चढ सोपा असतो. शेवटचा टप्पा मात्र छातीवर येतो, तिथे कठडा धरा. हातात पिशवी दिसेल अशी धरू नका. माकडं बिस्किटाचा पुडा ओळखतात, प्रसादही सोडत नाहीत.

वर पोचताच समोर भलंमोठं सोनेरी वज्र आहे, सतराव्या शतकात राजा प्रताप मल्लाने बसवलेलं. सगळे तिथे फोटो काढतात आणि स्तूपावरच्या डोळ्यांच्या चित्राकडे बघत एक फेरी मारून खाली उतरतात. तुम्ही घाई करू नका. स्तूपाच्या पांढऱ्या घुमटात दिशादिशांना सोनेरी कोनाडे आहेत, पुढे लोखंडी साखळ्यांचे पडदे. आत पंचबुद्ध आहेत. अंधारात चेहरे नीट दिसत नाहीत, म्हणून खालची वाहनं बघायची. पूर्वेला हत्ती, म्हणजे अक्षोभ्य. त्याचा उजवा हात जमिनीला टेकलेला. दक्षिणेला घोडा, रत्नसंभव. पश्चिमेला मोर, अमिताभ. उत्तरेला गरुड, अमोघसिद्धी, त्याच्या डोक्यावर नागाची फणा. पाचवा वैरोचन खरा मधला, पण इथे त्याला अक्षोभ्याच्या शेजारी जागा दिली आहे, त्याचा सिंह. मुलांना बरोबर आणलं असेल तर त्यांना हे शोधायला लावा, अर्धा तास शांततेत जातो. फेरी घालताना स्तूप उजव्या हाताला ठेवायचा, आपल्या प्रदक्षिणेसारखाच.

स्तूपाच्या मागच्या अंगाला छोटं पॅगोडाचं देऊळ आहे, हारितीचं. नेवार, म्हणजे या खोऱ्यातले मूळचे लोक, तिला अजिमा म्हणतात. देवी, गोवर, लहान मुलांची दुखणी, सगळं तिच्याकडे. सकाळी बायका तान्ह्या पोरांना घेऊन रांगेत उभ्या असतात. हातात तांदूळ, फुलं, अंडं. सासूबाईंना मी तिथे नेलं तेव्हा पंचबुद्धांपुढे गप्प असलेल्या त्या एकदम खुलल्या. "अगं, ही तर आपली सटवाई!" म्हणाल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आपल्याकडेही हारिती आहे. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात ती नवऱ्याबरोबर, पांचिकाबरोबर, बसलेली आहे, तिच्याजवळही मुलंच. अजिंठा बघून आलेल्यांनी इथे थोडं जास्त थांबावं. तिथे ती दगडात आहे, इथे तिची रोज पूजा चालते. आणि या देवळाला हिंदू म्हणायचं की बौद्ध, हा प्रश्न त्या रांगेतल्या बायकांना विचारू नका. उत्तर मिळत नाही, नुसतं हसतात.

खाली खोऱ्यावर नजर टाकली की मंजुश्री बोधिसत्त्वाची गोष्ट सांगायची. इथे मोठं तळं होतं, त्याने तलवारीने चोभारचा डोंगर कापला, पाणी वाहून गेलं आणि खोरं वस्तीला मोकळं झालं. गोष्ट पुराणातली, पण तळं खरं होतं. भूगर्भशास्त्रज्ञांना त्याच्या तळाची काळी माती शहराखाली सापडते. काठमांडूची मोठी भाजीमंडई जिथे आहे, त्या भागाचं नावच कालीमाटी.

ज्यांना स्वयंभू चढणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी जुन्या शहरात, ठमेलहून चालत जाण्याच्या अंतरावर काठेसिंभू आहे. स्वयंभूचीच छोटी प्रतिकृती, घरांनी वेढलेल्या चौकात. म्हातारीकोतारी माणसं इथे फेरी घालतात, पुण्य तेवढंच मिळतं अशी समजूत आहे. दुपारच्या वेळेला हा चौक आणि पुढचा असनचा बाजार धरा. वाटेत जनबहाल लागतो, सेतो मच्छिंद्रनाथाचा. हो, मच्छिंद्रनाथ! नेवार बौद्ध त्याच मूर्तीला करुणामय लोकेश्वर म्हणून पूजतात. नगरकडचे माझे एक मामा नाथभक्त. त्यांनी तिथे नारळ फोडायची तयारी केली होती, त्यांना आवरावं लागलं.

तिथून दरबार चौक जवळच. काष्ठमंडप २०१५ च्या भूकंपात पूर्ण कोसळला होता, तो पुन्हा लाकूड-विटांत उभा केला आहे. आत गोरक्षनाथ आहेत. शहराचं नाव याच वास्तूवरून पडलं. कुमारी म्हणजे जिवंत देवी मानलेली लहान मुलगी. तिच्या घरात गेलात तर चौकात शांत उभं राहायचं. कुमारी खिडकीत आली तर मोबाइल खाली. तिचा फोटो काढायला सक्त मनाई आहे. मुलगी शाक्य, म्हणजे बौद्ध घराण्यातली, आणि पूजा होते ती तलेजू देवीची म्हणून. बाकी दरबार चौक मला पाटणपुढे फिका वाटतो, म्हणून पाहुण्यांना तिथे फार वेळ रेंगाळू देत नाही.

पाटणला अख्खा दिवस द्या. मी इथे राहते म्हणून म्हणत नाही. टूरवाले पाटण दीड तासात उरकतात आणि तिथेच फसवणूक होते. सकाळी पहिल्यांदा हिरण्यवर्ण महाविहार, लोक त्याला क्वा बहाल म्हणतात. बाहेरून फक्त एक दार दिसतं आणि दोन दगडी सिंह. आत गेलं की सोन्याने मढवलेला चौक उघडतो. चामड्याचा पट्टा, पाकीट, बूट बाहेर ठेवावे लागतात. पट्टा काढून ठेवताना पुरुषमंडळींची तारांबळ उडते, तेव्हा त्या दिवशी पट्ट्याशिवाय बसेल अशी पँट घालून निघावं. चौकात कासवं फिरत असतात, पायाखाली बघून चाला. गाभाऱ्याचा पुजारी बारा वर्षांच्या आतला मुलगा असतो. महिनाभर सेवा झाली की दुसऱ्याची पाळी. पांढऱ्या कपड्यांतलं ते पोर पूजेची उपकरणं ज्या सरावाने हाताळतं, ते बघायला मी दर वेळी पाहुण्यांबरोबर स्वतः आत जाते.

मग पाटण म्युझियम. इथे नियम एकच: आधी म्युझियम, मग बाकीचे विहार. कुठली मुद्रा कुणाची, हातात काय आहे, आसन कसं ओळखायचं, हे तिथे इतकं नीट मांडलंय की पुढे प्रत्येक मूर्तीपाशी गाइडचं तोंड बघावं लागत नाही. समोरचं कृष्णमंदिर १६३७ चं, सिद्धिनरसिंह मल्लाने बांधलेलं, पूर्ण दगडी. दोन भूकंप अंगावर घेऊन उभं आहे.

दुपारी महाबौद्ध देवळाकडे चालत जा. भाजलेल्या मातीच्या विटा, आणि जवळजवळ प्रत्येक विटेवर बुद्ध. आकार बोधगयेच्या देवळाचा. हे महाबौद्ध १९३४ च्या भूकंपात पडलं. पुन्हा बांधताना विटा उरल्या, त्यांतून कोपऱ्यात मायादेवीचं छोटं देऊळ उभं केलं. देऊळ घरांच्या गर्दीत इतकं अडकलंय की खालून नीट दिसत नाही. शेजारच्या दुकानाच्या गच्चीवरून बघायचं. दुकानदार जाऊ देतात, उतरताना मूर्ती दाखवतात, घेतलीच पाहिजे असं नाही. याच गल्ल्यांत शाक्य कारागीर मेणाच्या साच्यावरून तांब्याच्या मूर्ती ओततात, हातोडीची टकटक ऐकू आली की दारात थांबून विचारा, "हेरौं?", म्हणजे बघू का. बहुतेकदा आत बोलावतात.

भूक लागली तर पाटणला वारा खा, उडदाच्या वाटलेल्या डाळीचं जाडसर धिरडं. शाकाहारी मंडळींनी मोमो मागताना ‘भेज’ हा शब्द ठासून सांगावा, कारण नुसता मोमो म्हणजे बऱ्याच ठिकाणी रेड्याचा.

बौद्धनाथचा स्तूप संध्याकाळी. चार-साडेचारला पोचा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. स्थानिक लोक नुसतं ‘बौद्ध’ म्हणतात. मोठ्या रस्त्यावरच्या कमानीतून आत आलात की डावीकडे वळा आणि लोकांच्या प्रवाहात मिसळा. १९५९ नंतर तिबेटमधून आलेली कुटुंबं आसपास वसली. संध्याकाळी त्यांच्या आज्या एका हातात माळ, दुसऱ्या हातात काठी घेऊन फेऱ्या घालतात, त्यांच्यात तामांग जमातीच्या बायका, शाळकरी मुलं, भिक्षू. भिंतीतली प्रार्थनाचक्रं फिरवताना मागच्या माणसाला अडवू नका. फळीवर साष्टांग दंडवत घालणाऱ्यांच्या पुढून जाऊ नका, मागून जा. वरच्या ओट्यांवर चढता येतं, वाट उत्तरेच्या बाजूने, अजिमाच्या देवळाजवळून. इथेही अजिमा आहेच. दोनेक फेऱ्या झाल्या की गच्चीवरच्या एखाद्या हॉटेलात चहा घ्या. २०१५ च्या भूकंपात तडे गेल्यावर वरचा सोनेरी कळस लोकांच्या देणगीतून नव्याने उभारला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये स्तूप पुन्हा खुला झाला, तो तिथून समोरासमोर दिसतो. पौर्णिमेला जमलं तर उत्तम, दिवे जास्त. शनिवारी सुट्टीची गर्दी असते.

पशुपतीनाथाची आरती आणि बौद्धची संध्याकाळ एका दिवशी बसवू नका. दोन्ही एकाच वेळेला आहेत. आरतीसाठी वेगळी संध्याकाळ ठेवा, बागमतीच्या पलीकडच्या काठावर पायऱ्यांवर बसा. समोरच्या घाटावर चिता जळत असतात, कॅमेरा पिशवीतच राहू द्या. सकाळचं दर्शन घेतलं असेल तर गुह्येश्वरीवरून बौद्धला चालत जाता येतं, साधारण अर्ध्या तासाची वाट.

विदर्भातून येणारी बरीच मंडळी लुंबिनीला निघालेली असतात आणि संध्याकाळपर्यंत लुंबिनी करून येऊ का, असं विचारतात. नाही जमणार. बसने अख्खा दिवस जातो. विमान भैरहवाला उतरतं. पण काठमांडू त्यांच्यासाठी नुसता थांबा नाही. नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच शहरात आले होते. २० तारखेला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर भाषण केलं. सहा डिसेंबर तिथून अवघ्या दोन आठवड्यांवर होता. त्या मंडळींना मी स्वयंभूला नेते तेव्हा ज्ञानमाला भजनाच्या वेळेला नेते. पहाटे पेटी-तबल्यावर नेवारी भजनं चालतात, शेजारी बसलं तरी चालतं.

खरेदीचं शेवटी. थांका, म्हणजे कापडावरचं बौद्ध चित्र, घेताना रंगावर नजर जवळ नेऊन बघा. छापील असेल तर बारीक ठिपके दिसतात. मूर्ती घेतलीत तर पुरातत्त्व विभागाच्या शिक्क्याचं दुकानदाराशी आधीच बोलून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि नवी मूर्ती जुनी दिसेल अशी घासून-पुसून विकायची इथे पद्धत आहे. शिक्का नसेल तर विमानतळावर ती नवी आहे हे पटवण्यात वेळ जातो. शिक्का बहुतेक दुकानदार स्वतः आणून देतात, फक्त एक-दोन दिवस लागतात. म्हणून मूर्ती पहिल्या दिवशी घ्या, थांका शेवटच्या दिवशी घेतला तरी चालतो.