माजी विद्यार्थी म्हणून वेळ कशाला द्यायचा?

पदवी हातात पडली की विद्यापीठाशी हिशेब संपला, असं बहुतेकांना वाटतं. फी भरली, शिकलो, निघालो. यात चूक काहीच नाही. त्यामुळे ऋण फेडायला मी स्वयंसेवक झाले, असं काही मी म्हणणार नाही. माझं कारण व्यवहारी आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या माणसाकडे जी माहिती असते, ती कॅम्पसमध्ये फारशी कुणाकडे नसते आणि ती फार काळ टिकतही नाही. मुलाखतीत प्रोजेक्टवर किती खोलात विचारतात, कुठला वैकल्पिक विषय प्रत्यक्ष कामात उपयोगी पडला, ऑफर लेटरमधल्या कुठल्या अटी नीट वाचाव्यात, हे प्राध्यापकांना विचारून कळत नाही. मोठ्या पदावर पोचलेले माजी विद्यार्थी येऊन छान भाषण करतात, पण त्यांना पहिली नोकरी लागली तेव्हाचा काळच वेगळा होता.

कामं बरीच असतात. मेंटॉरिंग, प्रवेशाआधीच्या शंकांना उत्तरं देणं, अभ्यासक्रमावर अभिप्राय, देणगीसाठी फोन करणं (हे मला अजिबात जमत नाही). अमेरिकेतल्या एमआयटीत तर प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्यांच्या मुलाखतीही माजी विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून घेतात. मी मॉक इंटरव्ह्यू (सरावाच्या मुलाखती) घेते आणि रेझ्युमे तपासते. जवळजवळ प्रत्येक रेझ्युमेत एक वाक्य सापडतं, 'आमच्या टीमने अमुक प्रणाली तयार केली.' मी विचारते, त्यात तू काय केलंस? मग शांतता. काम केलेलं असतं, पण ते स्वतःच्या नावावर सांगायचा संकोच असतो. तो संकोच मोडण्यातच बहुतेक वेळ जातो, आणि माझ्या मते तो सगळ्यात सत्कारणी लागतो. माझाही फायदा होतोच. टेबलाच्या पलीकडे बसल्यावर उमेदवाराचं बोलणं ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते समजतं, आणि पुढे स्वतः नोकरी बदलताना ते कामी येतं. हा स्वार्थ मान्य करायला लाजू नये.

माजी विद्यार्थ्यांनी संघटित होणं हे काही आजचं फॅड नाही. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजची माजी विद्यार्थी संघटना 1821 सालची, जगातली सर्वांत जुनी मानली जाते. त्या वर्षी कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांसह ॲमहर्स्ट गावातल्या नव्या कॉलेजात निघून गेले आणि कॉलेज बंद पडतं की काय अशी वेळ आली. तेव्हा जुने विद्यार्थी एकत्र आले. म्हणजे मूळ गरज स्नेहसंमेलनाची नव्हती.

सुरुवात करायची तर माजी विद्यार्थी संघाला किंवा प्लेसमेंट सेलला मेल लिहा, पण 'काहीही मदत करायला तयार आहे' असं मोघम लिहू नका. त्याचं काय करायचं हे त्यांना कळत नाही. कुठल्या क्षेत्रातली, कोणती मदत करू शकता आणि महिन्यातून किती तास, ते लिहा. उत्तर उशिरा येतं. आठवण करून द्यायला हरकत नाही. नोकरी लावून देण्याचं आश्वासन कुणालाही देऊ नका, रेफरल (आपल्या कंपनीत नावाची शिफारस) मागितलं तरी ज्याचं काम पाहिलंय त्यालाच द्या. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेले गुण, घरची परिस्थिती वगैरे आपल्यापाशीच ठेवा. आणि स्वतःच्या कंपनीतल्या गोपनीय गोष्टी उत्साहाच्या भरात सांगून बसू नका.

वेळ मिळेनासा झाला तर उत्तरं टाळत राहण्यापेक्षा दोन ओळींचा निरोप देऊन सरळ थांबा, आणि जाता जाता नंतरच्या बॅचमधल्या एखाद्याचं नाव, त्याला विचारून, कार्यालयाला कळवा.