दगडांत शिसं अडकून गळाचा नायलॉन तंगूस तुटतो? माझा अनुभव

जोडून सुट्ट्या आल्या की आम्ही कोल्हापूरकर गगनबावड्याचा घाट उतरून मालवणकडे गळ टाकायला. खडकाळ किनाऱ्यावर शिसं, म्हणजे गळ बुडवायचं वजन, फटीत अडकायचं, ओढलं की गळासकट सगळं जायचं. डोकंच फिरायचं. जाड तंगूस, चपटं शिसं, कशाचाच उपयोग झाला नाही.

चाललं ते असं. मुख्य तंगूस ०.४० मिमी, टोकाला तीन कड्यांची फिरकी (तंगूसाला पीळ पडू न देणारी जोडकडी). दुसऱ्या कडीला गळ, तोही ०.४० वरच. तिसरीला वीतभर ०.२५ मिमी तंगूस आणि त्यालाच वजन. वजनाला भंगारातले जुने नट. शिरोली एमआयडीसी जवळ असताना शिसं कशाला विकत घ्यायचं? फेक सावकाश, झटका दिला तर नट सुटून कुणाच्या तरी डोक्यात. अडकलं की काठीचं टोक सरळ पाण्याकडे धरा, रीळ आवळा, मागे चाला. बारीक तंगूसच तुटतो, गळ परत येतो.