अलार्मच्या मॉड्यूलमध्ये रिमोट कोड भरताना

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करून बाहेर पडलेली पोरं दरवर्षी आमच्याकडे जळगावला कामाला येतात. वायरिंगवर हात दोन महिन्यांत बसतो. अडतात ती सिमकार्डवाल्या मॉड्यूलच्या प्रोग्रामिंगला. मीही तिथंच अडलो होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हे मॉड्यूल म्हणजे पॅनलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य कंट्रोलला, जोडलेला मोबाईलच. चोरी, आग, लाइट गेली की मालकाला मेसेज करतो, आणि मालकाच्या मेसेजवर पॅनल आर्म (पहारा चालू) किंवा डिसार्म (पहारा बंद) करतो. हा दुसरा रस्ता म्हणजे रिमोट कोड. कोड ज्याच्या हातात, गोदामाची किल्ली त्याच्या हातात. त्यामुळे बॉक्समधून येणारा १२३४ किंवा ०००० आधी बदला आणि नवा कोड मालकाला स्वतः टाकू द्या. तो तुम्हाला माहीत नसलेलाच बरा.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. धुळे रोडला एका जिनिंगचं काम होतं, ऐन कापसाच्या हंगामात. पॅनलचा एक झोन (सेन्सरची वायर जोडायची जागा) मी कीस्विच म्हणून, म्हणजे आर्म-डिसार्मचा स्विच म्हणून लावला, मोमेंटरी प्रकारचा. म्हणजे कॉन्टॅक्ट क्षणभर जुळला की पॅनल पलटी खातं: आर्म असेल तर डिसार्म, डिसार्म असेल तर आर्म. मॉड्यूलचा रिले (मेसेजवर चालणारा स्विच) मात्र लॅचवर राहिला, म्हणजे आर्मला जुळून राहणारा आणि डिसार्मला सुटणारा. संध्याकाळी आर्मचा मेसेज टाकला, रिले टक्क वाजला, पॅनल आर्म झालं. मी समाधानानं निघालो.

सकाळी शेठनी डिसार्म पाठवलं. रिले सुटला, मॉड्यूलनं 'ओके' असं उत्तरही दिलं. पण पॅनलला कॉन्टॅक्ट जुळायला हवा होता आणि इथं तो सुटला. पॅनल आर्मच राहिलं. शटर वर गेलं आणि सायरन सुरू. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि फोनवर वॉचमनबाबा ओरडतायत, "भाऊ, हाई काय व्हयनं?" मी तिथं पोचेपर्यंत पाऊण तास सायरन वाजत होता.

रिले एक सेकंदाच्या पल्सवर टाकला, म्हणजे दर मेसेजला सेकंदभर जुळून सुटणारा, आणि ते काम मिटलं. पण त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. पल्स आर्मलाही तोच, डिसार्मलाही तोच. रात्री मुनीमनं कीपॅडवरून आधीच आर्म केलेलं असेल आणि शेठनी घरून खात्रीसाठी पुन्हा आर्म पाठवलं, तर पॅनल डिसार्म होईल आणि शेठ निवांत झोपतील. म्हणून पॅनलचा एक आउटपुट 'आर्म स्थिती'वर ठेवून त्याची वायर मॉड्यूलच्या इनपुटला परत आणा. मग मेसेज पॅनल खरंच काय झालंय त्याचा जातो. ही एक वायर मी कुठल्याच साइटवर सोडत नाही.

मेंटेन्ड कीस्विच (जुळलेला असेपर्यंत आर्म, सुटला की डिसार्म) घेऊन रिले लॅचवर ठेवला तर हा घोळच नको, असं वाटेल. पण बऱ्याच मॉड्यूलमध्ये रीस्टार्ट झालं की रिले सुटतो, आणि पॅनल कुणी न सांगता डिसार्म होतं. रीस्टार्ट काही दुर्मिळ नाही. टूजीवर मॉड्यूल मेसेज पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. वायर बारीक किंवा लांब असेल तर व्होल्टेज तेवढ्यात पडतं. त्याला जाड, आखूड वायर द्या. बॉक्स पत्र्याखाली लावू नका. भुसावळचा मे महिना बॅटरीला मारतो.

सिमचं थोडक्यात: पिन लॉक आधी साध्या मोबाईलमध्ये टाकून काढा. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे फक्त टूजीवर चालणाऱ्या मॉड्यूलमध्ये ते सिम चालणार नाही. रिचार्जची तारीख बॉक्सच्या झाकणावर आतून लिहून ठेवा.

आता मालकाच्या फोनकडे या, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. कीबोर्ड मराठीवर असेल तर आकडेही देवनागरीत जाऊ शकतात, आणि ते मॉड्यूलला कळत नाहीत. काही कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतात, कोडनंतर स्पेस टाकतात. चार तयार मेसेज फोनमध्ये सेव्ह करून द्या. नंबर नोंदवताना +९१ लावायचं की नाही ते मॅन्युअलमध्ये बघा. मॉड्यूलला येणारा नंबर आणि नोंदवलेला नंबर जुळला नाही तर कोड बरोबर असूनही ते गप्प बसतं.

साइट मॉनिटरिंग सेंटरला जोडलेली असेल तर कॉन्टॅक्ट आयडीत (पॅनल सेंटरला घटना कळवतं त्या आकडी कोडांत) कीपॅडवरचं उघड-बंद, म्हणजे डिसार्म-आर्म, ४०१ म्हणून जातं, कीस्विचचं ४०९ म्हणून. मेसेजनं केलेलं काम रिलेतून येत असल्यानं ते ४०९ खालीच दिसेल, ४०७ (रिमोट आर्म-डिसार्मचा कोड) शोधत बसू नका.

निघण्याआधी मेन स्विच पाडा आणि बॅटरीवर, मालकाच्याच फोनवरून, प्रत्येक कोड दोनदा चालवा. उत्तराचा मेसेज येऊन पॅनलवरचा दिवा तसाच दिसेपर्यंत जागा सोडू नका. आणि हंगाम संपला की एकदा परत जा. काम सोडून गेलेल्या मुनीमचा नंबर यादीत तसाच असतो, तो मालकासमोर काढून टाका.